विक्रोळीची परिचारिका आणि तिचा पुत्र

अमेरिकेच्या अध्यक्षांची चरित्रे वाचताना आपल्या मंडळ्यांतील बंधुभगिनी बहुधा वॉशिंग्टन व लिंकन यांच्यापाशीच थांबतात. तथापि ज्यांचे नाते आपल्या मुलुखाशी प्रत्यक्ष जडले, अशा जिमी कार्टर यांचे चरित्र आज अभ्यासास घेऊ.

या नात्याचा आरंभ त्यांच्या मातोश्रींपासून होतो. लिलियन कार्टरबाई ह्या जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या लहानशा गावच्या परिचारिका. काळ्या माणसाने गोऱ्याच्या घरी पुढच्या दाराने येऊ नये, अशी त्या प्रांताची रीत होती. बाई मात्र काळ्या शेजाऱ्यांची शुश्रूषा निःसंकोच करीत. (ही शिवाशीव आमच्या वाचकांस निराळी समजावून सांगावयास नको.) १९५३ साली त्यांस वैधव्य आले. पुढे १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली स्थापिलेल्या पीस कोअर या स्वयंसेवक दलात त्यांनी नाव घातले, आणि त्यांची रवानगी झाली ती विक्रोळीस, गोदरेज वसाहतीत. भाईंदरहून विक्रोळीस जाणाऱ्याने दादरला गाडी बदलावी, इतकेच ते ठिकाण आपणांपासून दूर. प्रथम त्यांस कुटुंबनियोजनाचे काम दिले. ते त्यांस रुचेना. मग त्या दवाखान्यात रोग्यांच्या सेवेस लागल्या, आणि ज्यांस घरचेही शिवत नसत, अशा कुष्ठरोग्यांचीही त्यांनी शुश्रूषा केली. सुमारे एकवीस महिने त्या येथे राहिल्या. ज्या वयात आपल्याकडे सुना हाती माळ देऊन म्हाताऱ्यांस कोपऱ्यात बसवितात, त्या वयाची ही गोष्ट आहे.

पुत्र जिमी हे आरमारात अधिकारी होते. मग भुईमुगाचे शेतकरी, मग जॉर्जियाचे गव्हर्नर, आणि २० जानेवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. १९७८ साली कॅम्प डेव्हिड येथे इजिप्त व इस्राएल यांचा समेट त्यांनी घडवून आणिला. इराणात मात्र ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले, आणि १९८० च्या निवडणुकीत कार्टर यांचा दारुण पराभव झाला.

आपल्या देशाशी त्यांचे वर्तन कसे होते? येथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. जानेवारी १९७८ मध्ये ते दिल्लीस आले व आपल्या संसदेपुढे बोलले. पण आपल्याच रेल्वेमार्गावर, बोईसरजवळ, तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. त्यास इंधन पुरविण्याचा करार अमेरिकेने १९६३ साली केला होता. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर तिकडे संशय वाढला, आणि मार्च १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने हा पुरवठा अडचणीत आणिला. १९८० साली त्यांनीच ३८ टन इंधन देण्याचा हुकूम काढिला, आणि सिनेटात तो केवळ दोन मतांनी तरला. अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा हा त्यांचा हेतू शुद्ध होता, असे माझे मत आहे. परंतु दिलेला शब्द मागाहून नव्या अटींनी बांधणे न्याय्य नव्हते, हेही म्हटले पाहिजे.

पदावरून उतरल्यावर त्यांच्या आयुष्याचा अधिक फलद्रूप भाग सुरू झाला. प्लेन्सच्या देवळात ते अनेक वर्षे शब्बाथशाळेचा वर्ग घेत. स्त्रियांस मंडळीत दुय्यम ठेवणारे मत न पटल्यामुळे २००० साली त्यांनी दक्षिणी बाप्टिस्ट संघाशी संबंध तोडिला. नारूच्या रोगाविरुद्ध त्यांच्या संस्थेने १९८६ पासून जगभर मोहीम चालविली. तेव्हा वर्षाकाठी सुमारे ३५ लक्ष लोकांस हा रोग होई. २०२४ साली सर्व जगात वीसांहूनही कमी रोगी आढळले. आपल्या देशात हे काम सरकारच्या स्वतंत्र योजनेने झाले, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी फडक्याने गाळून प्यावे, पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरू नये, इतके साधे उपाय. नारूवर लस किंवा औषध नाहीच. २००२ साली कार्टर यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले.

ऑक्टोबर २००६ मध्ये, ८२ वर्षांचे असता, ते पत्नी रोझलिनबाईंसह लोणावळ्याजवळच्या मळवलीस आले होते. हॅबिटॅट संस्थेच्या वतीने तेथे आठवड्याभरात शंभर घरे उभारावयाची होती. ही घरे दान म्हणून दिली जात नाहीत. कुटुंबाने हप्ते फेडावयाचे आणि बांधकामात स्वतः अंगमेहनत करावयाची, असा त्या संस्थेचा नियम आहे. म्हणून त्या आठवड्यात घरधनी व माजी राष्ट्राध्यक्ष एकाच भिंतीपाशी काम करीत होते.