जुकबॉक्सचा गाडा अडखळतो तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे १९५० सालचा सीबर्ग एम१००बी जुकबॉक्स आहे. तबकड्यांपुढून सरकणारा गाडा मध्येच अडकतो. गंज सोडवणारा स्प्रे मारला की दोन दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. काय करावे?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : आधी स्प्रे थांबवा. तो सुकलेले ग्रीस तात्पुरते सैल करतो आणि बुशमधले उरलेसुरले तेलही धुऊन नेतो. दोष बहुधा मोटरचा नसून, इतक्या वर्षांत मेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसचा आहे.

प्लग काढून ठेवा. प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. गिअरबॉक्समधले जुने ग्रीस लाकडी काडीने खरवडा, मिनरल स्पिरिटने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग गिअरच्या दात्यांना नव्या ग्रीसचा पातळ थर द्या. सच्छिद्र ब्राँझच्या बुशना मात्र ग्रीस नको. तिथे एसएई २० तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. रबरी भाग आणि विजेचे संपर्क कोरडेच राहिले पाहिजेत.

शेवटी यंत्रणा हाताने फिरवून पाहा. कुठेही जोर लावावा लागला, तर सफाई अपुरी आहे असे समजा आणि वीज जोडू नका.