पेरण्याआधी बेकरी गाठ

केडगाव, ऑक्टोबर अखेर

चि. बाळ,


यंदा कांदा कमी करून गहू करायचा आणि तो थेट पाववाल्याला द्यायचा, हा तुझा बेत ताईकडून कळला. बेत चांगला आहे. पण एकरी पोती किती, एवढंच विचारून बियाणं आणू नकोस.

पाव फुगतो तो ग्लुटेनच्या जोरावर आणि तो जोर मुळात वाणाचा असतो. सरबती म्हणजे पोळी-पावाच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन वेगळे संच असतात, बन्सी म्हणजे रवा-शेवयांच्या गव्हात दोनच. कणकेला ताण देणारी महत्त्वाची प्रथिनं बन्सीत नसलेल्या त्या तिसऱ्या संचातून येतात. म्हणून निफाडच्या संशोधन केंद्राचा 'गोदावरी' हा बन्सी रवा-शेवयांना उत्तम, पण पावाला नाही. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान, आघारकर संस्थेचा एमएसीएस 6222 हे सरबती. पण त्यांतही डावं-उजवं असतंच. प्रत्येकाची मूठभर कणीक घट्ट मळ, अर्धा तास झाकून ठेव आणि बारीक धारेखाली धू. पांढरं पाणी थांबलं की हातात ग्लुटेनचा चिवट गोळा उरेल, तो ताणून बघ. पटकन तुटला तर तो वाण पावासाठी घेऊ नकोस.

वाण चांगला निघाला तरी पुढचं शेतावर आहे. पंजाबसारखी लांब थंडी आपल्याला नाही. दाणा भरताना पारा 35 च्या पुढे गेला की दाणा बारीक राहतो. पिठूळ भाग कमी भरल्यामुळे प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो, पण फार उष्णतेत कणीक उलट ढिली पडते. म्हणून 15 नोव्हेंबरच्या आत पेरणी उरक. पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, म्हणजे 18 ते 21 दिवसांनी दे; फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नकोस. बोअरला तेवढं पाणी नसेल तर क्षेत्र कमी कर.

निम्मं नत्र पेरताना, उरलेलं पहिल्या पाण्याबरोबर दे. उतारा वाढला आणि नत्र तोकडं पडलं, तर तेच नत्र जास्त दाण्यांत वाटलं जातं आणि प्रथिनं घटतात. पण युरियाचा मारा केलास तर पीक लोळेल.

माल खळ्यावर आल्यावर गिऱ्हाईक शोधणं नको. आताच दोन-तीन वाणांचा थोडा थोडा गहू पाववाल्याला दे, त्याच्याकडून पाव भाजून घे. त्याला पसंत पडेल तोच पेर, आणि दोन पोती कमी आली तरी परवडेल असा दर पेरणीआधीच ठरव.

तुझा,
मामा