ल्युडेरिट्झला जाताना

प्रश्न : नामिबियातील ल्युडेरिट्झ बंदर पाहावे काय?

उत्तर : अवश्य पाहावे, परंतु वाळवंट व अटलांटिक महासागर यांच्या बेचक्यात वसलेल्या, मासळी व मँगनीजच्या व्यापारावर जगणाऱ्या या बंदरी, बेंग्वेला नामक शीत प्रवाहामुळे भर उन्हाळ्यातही धुके व बोचरा वारा असतो, हे ध्यानी घेऊन लोकरीचे कपडे बरोबर ठेवावेत. १९०८ साली हिरे सापडल्यावर भरभराटीस आलेले आणि पुढे ओस पडलेले कोलमनस्कोप हे गाव जवळच आहे. रीतसर परवाना काढून, सकाळच्या तिरप्या उन्हात, तेथील घरांच्या दिवाणखान्यांतून गुडघाभर साचलेली वाळू व तिच्यात रुतून अर्धवट उघडी राहिलेली दारे सावकाश न्याहाळावीत, कारण माझ्या मते साऱ्या प्रवासाचे सार्थक तेथेच होते. दुपारी वारा खवळतो, तेव्हा रस्त्यावर सरकणाऱ्या वाळूत मोटार जपून हाकावी; आणि हिऱ्यांच्या निषिद्ध मुलखाची हद्द लगतच असल्याने, रस्ता सोडून आत मुळीच शिरू नये.