लहान नौका आणि मोठी जबाबदारी

आमच्या आर्णीची अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहिता-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात जाते. आमच्या भागातील मुले मात्र समुद्राकडे क्वचितच जातात. 'बी.ए. झाल्यावर पुढे काय?' हा प्रश्न माझ्या घरी नेहमी निघतो. कारण महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. तलाठी, शिक्षक, पोलीस भरती यांपुढे आमची यादी सरकत नाही. म्हणून या वेगळ्या व्यवसायाचा थोडा अभ्यास येथे मांडत आहे.

मोठ्या जहाजांवरील अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९२७ साली मुंबईत 'डफरीन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ मध्ये 'राजेंद्र' आणि १९९३ मध्ये नवी मुंबईत 'चाणक्य' ही संस्था आली. परंतु तेथे बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते दार बंदच. दहावीच्या पायावर मात्र खलाशाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करता येतो. त्याला वयाची अट असते. म्हणून पदवीनंतर पाहू, असे म्हणून चालत नाही.

लहान नौकांची वाट याहून निराळी आहे. लाँच, बार्ज, नदीतील प्रवासी बोट यांवर माणूस खलाशी म्हणून चढतो आणि पाण्यावरील अनुभव व परीक्षा यांच्या बळावर वर जातो. १९१७ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात सारंग, द्वितीय श्रेणी मास्टर व प्रथम श्रेणी मास्टर अशा पायऱ्या होत्या. इंजिन चालविणाऱ्यांची प्रमाणपत्रे वेगळी. २०२१ च्या नव्या कायद्याने साऱ्या देशाला एकच चौकट दिली. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. पाटण्यास राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था आहे.

शिकायचे काय? एक उदाहरण देतो. रात्री नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या, तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचे असते. आपण रस्त्यावर डावीकडे सरतो, त्याच्या हे अगदी उलट! रंग ओळखण्यासाठी डोळ्यांची तपासणी का करतात, हे यावरून कळेल.

परवाना म्हणजे केवळ नोकरीचा कागद नव्हे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. ती नदी आपल्याच विदर्भातील. नावेत किती माणसे घ्यावीत, पाणी पाहून केव्हा 'नाही' म्हणावे, हे जाणणारा माणूस समुद्राइतकाच नदीवरही हवा. बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी, अशी तरतूद २०२१ च्या कायद्यात आहे. ती गावोगावी पोचली पाहिजे.

मित्रांनो, या वाटेला जाण्यापूर्वी एक काळजी अवश्य घ्या. नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत संस्थेचे नाव असल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नका. बापाचे वावर गहाण पडल्यावर चौकशी करून काय उपयोग? वालचंद हिराचंद सोलापूरचे. तेथेही समुद्र नाही. तरी त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. आपण निदान माहिती तरी मिळवू या.