लॉगफोरजेचा डिसेंबर

२०२१च्या डिसेंबरात जगभरच्या सिस्टिम ॲडमिन मंडळींची झोप उडवली ती जावाच्या एका लॉगिंग लायब्ररीने. ९ डिसेंबरला लॉगफोरजेमधली त्रुटी जगजाहीर झाली. ‘माइनक्राफ्ट’ या गेमच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. अलीबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकाने ती २४ नोव्हेंबरलाच अपाची फाउंडेशनला कळवली होती, पण तिच्या मुळाशी असलेली सोय लायब्ररीत २०१३पासून होती.

सर्व्हरवर काय घडलं ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं, एवढंच या लायब्ररीचं काम, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती आलेला मजकूर वाचतही होती. त्यात जेएनडीआयचा, म्हणजे जावाच्या नावावरून वस्तू शोधण्याच्या सोयीचा, पत्ता ठरावीक चिन्हांत दिसला की ती त्या पत्त्यावर विचारणा करायची आणि तिथून आलेला कोड सर्व्हरवर चालायचा. लॉगिनच्या चौकटीतलं नाव, ब्राउझरची ओळख, शोधायला टाकलेला शब्द, असं परक्या माणसाने लिहिलेलं जे जे लॉगमध्ये जात होतं, ते हल्ल्याचं दार ठरलं.

मग वरून एकच प्रश्न येऊ लागला: ‘आपल्याकडे आहे का ते?’

उत्तर देणं अवघड होतं. मेव्हन सेंट्रल या जावाच्या मोठ्या भांडारात ३५ हजारांहून अधिक पॅकेजेसना ही त्रुटी बाधली होती, असं गुगलच्या पथकाने तेव्हा मोजलं. त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी लॉगफोरजे थेट घेतलेली नव्हती. ती दुसऱ्या लायब्ररीच्या आडून, कधी तिसरी-चौथी पायरी उतरून आली होती. जार फाइलच्या पोटात दुसरी जार असते, त्यामुळे नुसतं फाइलच्या नावाने शोधणाऱ्यांच्या हाती अर्धवट यादी लागली. म्हणून लायब्ररी बसवतानाच डिपेंडन्सीचं झाड काढून जपून ठेवावं, आणि कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे त्याची नोंद त्याच दिवशी करावी. ऐन संकटात अशी यादी बनत नाही.

दुरुस्तीचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २.१५ ही दुरुस्त आवृत्ती बसवून लोक निःश्वास सोडतात तोच त्यातही उणीव निघाली. मग २.१६, २.१७ आणि २८ डिसेंबरला २.१७.१. सुरुवातीला सुचवलेली ‘एक सेटिंग बदला’ ही मलमपट्टी पुढे अपुरी ठरली. ज्यांनी सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाहतूक आधीपासून गरजेपुरतीच खुली ठेवली होती, त्यांच्याकडे परका कोड आणायला निघालेला सर्व्हर दारातच अडत होता. माझ्या मते त्या महिन्याने दिलेला सर्वांत उपयोगी धडा हाच. काहीजण मात्र जुन्या पहिल्या मालिकेवर होते म्हणून निर्धास्त राहिले. तिची देखभाल ऑगस्ट २०१५मध्येच थांबली होती, तेव्हा तो दिलासा खोटा होता.

लॉगमध्ये काय लिहायचं, हेही तितकंच जपायला हवं. मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असं सांगितलं, कारण ते हॅश होण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा आकडा लॉगमध्ये दिसला, तर ती त्रुटीच समजावी.

लॉगने डिस्क भरू नये म्हणून थोडक्यात. लॉगची डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. जुनी फाइल बाजूला सारायचं काम एक तर लायब्ररीकडे द्या, नाहीतर लॉगरोटेट या साधनाकडे. एकाच फाइलवर दोघांना सोडू नका. फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे का ते पाहा.

मात्र जागेसाठी लॉग वाटेल तेव्हा उडवता येत नाहीत. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे भारतातल्या कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉग नसतील तर कळवणार तरी काय?

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२च्या अहवालात म्हटलं की, लॉगफोरजेच्या बाधित प्रती पुढची अनेक वर्षं, कदाचित दशकभर किंवा त्याहून जास्त काळ, यंत्रणांमध्ये सापडत राहतील. तुमच्या सर्व्हरवर त्यांपैकी एखादी आहे का, ते या आठवड्यात तपासून घ्या.