जुनी मोटरबोट घेताना

प्रश्न : अलिबागजवळ १८ फुटी फायबरची जुनी मोटरबोट विकाऊ आहे. आउटबोर्ड इंजिन नव्यासारखं दिसतं. घेण्याआधी काय पाहू?

उत्तर : इंजिन बदलता येतं, म्हणून आधी ट्रान्सम पाहा, म्हणजे इंजिन जिथे बसवतात ती बोटीची मागची भिंत. जुन्या बोटींत तिथे फायबरच्या थरांमध्ये बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरचा रंग मात्र झकास दिसतो! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा तिरपं उचललेलं इंजिन वरखाली दाबताना ट्रान्सम लवला, तर मी तरी ती बोट घेणार नाही. डेक आणि तळही असेच ठोकून पाहा.

इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असं मालकाला बजावा. थंड असताना ते कसं सुरू होतं ते बघायचंय. गिअर ऑइल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. १० टक्क्यांहून जास्त फरक नको. नोंदणीच्या कागदांवरचा इंजिन क्रमांक स्वतः ताडून पाहा. बोट पाण्यात चालवू देत नसेल, तर विसार देऊ नका.