वीरगळ : गावोगावची युद्धस्मारके

महाराष्ट्रातील जुन्या गावांत मारुतीच्या देवळाजवळ, वेशीपाशी किंवा तळ्याच्या काठी कोरीव शिळा उभ्या वा आडव्या पडलेल्या दिसतात. त्यांना कोणी देव मानून शेंदूर लावतात, तर कोठे त्यांवर कपडे धुतले जातात. या शिळा म्हणजे वीरगळ, अर्थात लढाईत कामी आलेल्या पुरुषाची स्मारके होत. वीर आणि कन्नडमधील ‘कल्लु’ म्हणजे दगड, यांतून हा शब्द सिद्ध झाला आहे. विजयस्तंभ राजाच्या नावाने उभारला जातो. वीरगळ मात्र बहुधा गावातल्या माणसाचा असतो.

वीरगळ खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला दिसतो. जवळ गाई कोरलेल्या असतील तर गोधनाच्या रक्षणार्थ त्याने प्राण दिले असे समजावे. त्यावरील चौकटीत युद्धप्रसंग असतो. पुढे अप्सरा वीराला स्वर्गी नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. शिरोभागी चंद्रसूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. पुष्कळ शिळांचा माथा कलशाकार घडविलेला असतो. त्यामुळे सारी शिळा एखाद्या लहान मंदिरासारखी भासते. कारागीर गावठाणातलाच असला तरी मंदिरबांधणीचे संकेत त्याला ठाऊक होते, हे यावरून दिसते.

मुंबईत बोरिवलीतील एकसर येथील शिळा या प्रकारात असाधारण आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर वर्णन आले आहे. या शिळांपैकी काहींवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. उंच नाळेची, डोलकाठ्या असलेली जहाजे, वल्ह्यांच्या रांगा आणि त्यांवरून झुंजणारे योद्धे त्यांवर दिसतात. मध्ययुगीन कोकणातील जहाजांचे इतके प्रत्यक्ष चित्रण इतरत्र क्वचितच आढळते.

ही लढाई कोणती? उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव (१२६१–१२७१) यांच्या संघर्षाशी काही अभ्यासक तिचा संबंध जोडतात. महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, असा उल्लेख हेमाद्रीच्या ग्रंथातील प्रशस्तीत आहे. इतर काही जण शिल्पशैलीवरून या शिळा त्याहून जुन्या, अकराव्या शतकातील ठरवितात. वाचता येईल असा लेख नसल्यामुळे हा वाद मिटणे कठीण आहे.

नेमका येथेच गावकऱ्यांनी लक्ष द्यावयाचा मुद्दा येतो. बहुसंख्य वीरगळांवर नावही नाही आणि शकही नाही. चौकटी आणि शिळा उभी असलेली जागा, एवढाच त्यांचा पुरावा. मंदिराच्या जीर्णोद्धारात ती पाराच्या सिमेंटमध्ये बसविली किंवा तिला ऑइलपेंट फासला, की तो पुरावा पुसट होतो; आणि शोभेसाठी दुसरीकडे हलविली, की ती लढाई गावाच्या कोणत्या सीमेवर झाली असावी, हा तर्कदेखील करता येत नाही. श्रद्धेने केलेल्या रंगकामाने झालेली हानी चोरीपेक्षा कमी नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे.

शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाची गणना १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार पुरावशेषात होते. नांगरताना वा पाया खोदताना अशी शिळा निघाल्यास ती न हलविता तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. ग्रामपंचायतीने प्रत्येक शिळेचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे आणि तोंड कोणत्या दिशेस आहे, जवळ कोणता ओढा वा शीव आहे, याची नोंद दप्तरी ठेवावी. शिक्षकांना चौथी-पाचवीच्या मुलांकडून चौकटींची रेखाचित्रे सहज काढून घेता येतील. शिळा साफ करताना साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश आणि आम्ल यांचा उपयोग मुळीच करू नये. जुना रंग काढण्याचे काम तज्ज्ञांवर सोपवावे, कारण रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही निघून येतो.